३१ मार्चच्या आत

मार्च अर्धा सरला होता. सकाळी मोबाइल वाजला, सर्जरीचा, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्याचा, मेसेज होता. ‘तुमच्या रक्तदाबाची या वर्षातली नोंद आमच्याकडे नाही. घरी यंत्र असल्यास मोजून आकडा ३१ मार्चच्या आत याच मेसेजला उत्तर म्हणून पाठवावा.’ खाली कुणा माणसाचं नाव नव्हतं. कपाटातून यंत्र काढलं, पट्टा दंडाला गुंडाळला, पाठ खुर्चीला टेकवून शहाण्यासारखी बसले. यंत्र गुरगुरत पट्टा आवळत नेतं आणि मग सुस्कारे टाकत सैल करतं, तेवढा वेळ माणूस श्वाससुद्धा बेतानं घेतो. पहिला आकडा वरचा आला. थोड्या वेळानं घेतलेला त्याच्या खालचा. उत्तरात मावणार एकच, आणि अशा वेळी कुणीही कुठला पाठवेल हे सांगायला नको. पण मला टोचत राहिली ती तारीख. ३१ मार्चच का? रक्तदाब काही १ एप्रिलला कोरी वही उघडून बसत नाही. बँकेची, कचेरीची, कंत्राटदाराची घाई समजू शकते. माझ्या धमन्यांना मार्चएंड कुणी लावला?

लावला कुणी, ते खरं तर ठाऊक होतं. इंग्लंडात राहिल्यावर जीपींच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या, ‘क्वॉफ’बद्दल कानावर येतंच: ठरलेले निकष पुरे केले की पॉइंट, पॉइंटमागे पैसे, आणि वर्षाचा हिशेब ३१ मार्चला बंद. माझी तर एक जवळची मैत्रीणच जीपी आहे. तरी आकडा पाठवल्या क्षणी ‘धन्यवाद, तुमची नोंद अद्ययावत केली आहे’ असं उत्तर आलं तेव्हा जरा लागलं. इतक्या झटपट आलं म्हणजे वाचलं कुणीच नसणार. राग यायला हवा होता, थोडा आलाही. पण त्या रागाच्या तळाशी चक्क बरं वाटत होतं. मी स्वतःहून कित्येक महिन्यांत त्या यंत्राला हात लावला नव्हता. कुणीतरी विचारलं. पैशांसाठी विचारलं म्हणून ते विचारणं खोटं ठरतं का? हजेरी घेताना आपलं नाव पुकारलं म्हणजे बाईंना आपली आठवण झाली असं कुणी समजत नाही, तरी ‘हजर’ म्हणताना बरं वाटतंच की.

मैत्रिणीला फोनवर सांगितलं तर ती हसली. “तू छेदात होतीस,” म्हणाली, “आता अंशात गेलीस.” तिच्या प्रॅक्टिसमध्ये, म्हणजे दवाखान्यात, फेब्रुवारीपासून हाच अपूर्णांक सोडवणं चालू असतं. उच्च रक्तदाबाचं निदान असलेले सगळे खाली, त्यांतले ज्यांचा आकडा गेल्या १२ महिन्यांत नोंदवला गेला आणि ठरलेल्या रेषेच्या आत आहे ते वर. ८० वर्षांखालच्यांसाठी दवाखान्यात १४०/९०, घरी मोजलं तर १३५/८५. वरची संख्या वाढवायची. ती वाढत नसेल तर खालची कमी करायचीही सोय असते, कारण योग्य कारण नोंदवून माणसाला हिशेबातून बाहेर काढता येतं. सुरुवातीच्या नियमांत वर्षभरात तीनदा बोलावूनही जो आला नाही त्याला वगळायची मुभा होती. “त्यामुळे तिसरं पत्र पाठवताना आम्ही जरा मनापासूनच पाठवायचो,” ती म्हणाली. मनापासून म्हणजे तो येऊ नये म्हणून, हे तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

ही व्यवस्था आली १ एप्रिल २००४ ला. १४६ निकष, त्यांचे मिळून १,०५० पॉइंट, आणि पहिल्या वर्षी एका पॉइंटला सरासरी प्रॅक्टिसमागे सुमारे ७५ पौंड. जीपीच्या उत्पन्नाचा जवळजवळ चौथा हिस्सा यावर बेतला होता. जगात कुठेही फॅमिली डॉक्टरांच्या कमाईचा एवढा मोठा भाग कामगिरीच्या आकड्यांना बांधून पाहिलेला नव्हता. बाहेरच्यांना वाटतं ते पैसे डॉक्टरच्या खिशात पडतात. पडतात, पण सरळ नाही. इथले बरेचसे जीपी पगारी सरकारी नोकर नव्हेत, ते एनएचएसशी, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेशी, करार करून छोटा धंदा चालवतात. त्या उत्पन्नातूनच रिसेप्शनवरच्या बाईचा पगार, नर्सचा पगार, वीज, हीटिंग, गळकं छप्पर. म्हणजे पॉइंट गेला तर हाव अपुरी राहिली असं नव्हे, कदाचित नर्सचे तास कमी करावे लागतील. हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर माझा टवाळीचा सूर जरा खाली आला. सरकारचा अंदाज होता की प्रॅक्टिसेस साधारण ७५ टक्के पॉइंट मिळवतील. पहिल्याच वर्षी सरासरी ९१ टक्क्यांवर गेली. तिजोरीला खड्डा पडला. डॉक्टर लोभी निघाले असं काहींनी म्हटलं, परीक्षाच सोपी होती असं काहींनी, आणि डॉक्टर आधीपासूनच चांगलं काम करत होते, फक्त लिहून ठेवत नव्हते, असं डॉक्टरांनी. तिन्ही थोडं थोडं खरं असावं.

मैत्रीण त्या वर्षांत नुकतीच जीपी झाली होती. तिच्या आठवणीत आहे ती स्क्रीनच्या कोपऱ्यातली चौकट. रुग्णाची फाइल उघडली की तिथे राहिलेल्या गोष्टींची यादी उगवायची: धूम्रपानाची नोंद नाही, कोलेस्टेरॉल जुनं, वजन नाही. समोरचा खांदा धरून बसलेला असायचा, हात वर जात नाही म्हणून झोप नाही म्हणायचा, आणि हिची नजर मात्र घसरून कोपऱ्याकडे जायची. दहा मिनिटांची भेट. त्यातली दोन त्या चौकटीची. “सिगारेट ओढता का?” खांदा दुखणाऱ्या माणसाला हा प्रश्न ऐकू आला की तो खांद्याचा आणि सिगारेटचा संबंध शोधायला लागतो. संबंध नसतो. संबंध फाइलशी असतो. बरं, प्रश्न चुकीचा म्हणावा तर तसंही नाही. डॉक्टरनं सहज विचारल्यामुळे सिगारेट सोडलेली माणसं असतातच. पण सहज विचारणं आणि चौकट विझावी म्हणून विचारणं, यातला फरक कानाला कळतो. खुर्चीत बसलेल्याला तर नक्कीच कळतो.

सगळ्यांत जास्त ती बोलते ते नैराश्याच्या प्रश्नांबद्दल. २००६ मध्ये निकषांत भर पडली: मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांना दोन ठरावीक प्रश्न विचारायचे, आणि नैराश्याचं नवं निदान झालं की तीव्रता मोजणारी प्रश्नावली भरून घ्यायची. पहिल्या दोन प्रश्नांतला एक असा: गेल्या महिन्याभरात तुम्हाला वारंवार उदास, खिन्न किंवा हताश वाटलं का? कागदावर हा प्रश्न किती मायेचा दिसतो. तोच वजनाचा आकडा टाइप करता करता, मान न वळवता विचारला की “पत्ता तोच आहे ना?” सारखा वाजतो. आणि उत्तर त्याच सुरात येतं. “नाही.” टिक. पुढे. प्रश्नावलीचं तर आणखी अवघड. एखादी बाई ओक्साबोक्शी रडतेय, नुसतं थांबून राहायची वेळ आहे, आणि हिच्या हातात नऊ प्रश्नांचा कागद: झोप, भूक, एकाग्रता, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. कधी ती कागद देऊन “पुढच्या वेळी भरून आणा” म्हणायची. कधी बाई गेल्यावर आठवेल तसं स्वतःच भरायची. त्या प्रश्नावलीमुळे एखाद्याचं गंभीर दुखणं वेळेवर दिसलंही, हे ती आवर्जून सांगते. २०१३ मध्ये तो निकष गेला. कागद मात्र तिच्या खणात अजून आहे आणि आता ती तो कधीकधी वापरतेसुद्धा. आपल्याला हवा तेव्हा.

पण मला या सगळ्यावर नाक मुरडायची पूर्ण मोकळीक नाही.

क्वॉफच्या आधी काय होतं ते पाहायला हवं. दक्षिण वेल्समध्ये कोळशाच्या खाणींच्या खोऱ्यात ग्लिनकॉरुग नावाचं खेडं आहे. तिथे ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे डॉक्टर १९६० च्या दशकापासून होते. त्यांनी गावातल्या झाडून सगळ्यांचा रक्तदाब मोजायला घेतला. जे दवाखान्यात येतात त्यांचाच नव्हे, जे येत नाहीत त्यांचाही. याचे त्यांना कुणी पॉइंट देत नव्हतं. त्यांनीच १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहून ठेवलं की जिथे चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज सर्वांत जास्त तिथेच ती सर्वांत कमी मिळते. मुद्दा असा की प्रत्येक खोऱ्यात ट्यूडर हार्ट नसतात. सचोटीवर सोडून दिलेली व्यवस्था सचोटीच्या डॉक्टरकडे छान चालते, आणि इतरांकडे काय चाललंय हे कुणालाच दिसत नाही, कारण मोजलेलंच नसतं. क्वॉफ आल्यावर पहिल्या तीन वर्षांत श्रीमंत आणि गरीब वस्त्यांतल्या प्रॅक्टिसेसच्या कामगिरीतलं अंतर ४ टक्क्यांवरून १ टक्क्याच्याही खाली आलं. हा आकडा वाचला तेव्हा मी खुर्चीत नीट बसले. समता आणण्याच्या घोषणा पुष्कळांनी केल्या होत्या. इथे ती एका कंटाळवाण्या यादीनं आणली, निदान त्या यादीपुरती.

आमच्या शेजारी एक वयस्क गृहस्थ राहतात, मधुमेही, एकटे. वर्षातून एकदा ते पायाच्या तपासणीला जातात. नर्स बूट-मोजे काढायला लावते, पाय हातात घेते, बोटांच्या बेचक्यांत बघते, घोट्यापाशी नाडी चाचपते आणि नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला ठिकठिकाणी टेकवत विचारते, लागतंय का, आता लागतंय का. डोळे मिटून सांगायचं. एकदा त्यांच्या अंगठ्याखाली लागलंच नाही. तेव्हापासून ते बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा वगैरे नाही ना ते बघतात. ही तपासणीसुद्धा एक निकष आहे, तिच्यामागे पॉइंट आहेत. त्यांना ते माहीत नाही, आणि मी सांगणारही नाही. तिथली नर्स फार प्रेमळ आहे म्हणतात. असेलच. पॉइंट आणि प्रेम एकाच हातात असू नयेत असा काही नियम नाही.

मग या पैशांनी झालं काय? २००९ पर्यंत असं दिसलं की दमा आणि मधुमेहाची देखभाल आधीच सुधारत होती, क्वॉफनंतर ती आणखी वेगानं सुधारली आणि लक्ष्य गाठलं की तिथेच थबकली. ज्या गोष्टींना पॉइंट नव्हते त्या मागे पडल्या. मृत्यूंच्या आकड्यांत ठळक फरक २०१६ च्या अभ्यासालाही सापडला नाही. स्कॉटलंडनं त्याच वर्षी क्वॉफ गुंडाळून ठेवलं. इंग्लंडनं २०१४ मध्ये काही निकषांचे पैसे बंद केले, त्याचा हिशेब २०१८ मध्ये छापून आला आणि तो मला सगळ्यांत बोलका वाटतो. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना राहणीमानाचा सल्ला दिल्याच्या नोंदी एका वर्षात ६२ टक्केबिंदूंनी घसरल्या. प्रयोगशाळेतून ज्यांचे निकाल आपोआप फाइलमध्ये जाऊन बसतात, त्या तपासण्यांची घसरण त्या मानानं बरीच कमी होती. आता यावरून काय म्हणायचं? डॉक्टरांनी सल्ला देणं थांबवलं की दिल्याची खूण करणं? की आधीही खूणच जास्त होती? मैत्रिणीला विचारलं तर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “चालत जा, मीठ कमी करा, एवढं म्हटलं तरी टिक होत होती गं.”

आकड्याला स्वतःचं डोकं नसतं, ते कुणीतरी लावावं लागतं, आणि लावणाऱ्याला कधी उशीर होतो. मधुमेहाचं उदाहरण घ्या. तीन महिन्यांची साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी असते. २००८ च्या फेब्रुवारीत ‘ॲकॉर्ड’ या मोठ्या चाचणीतला साखर ६ टक्क्यांच्या खाली उतरवण्याचा गट मध्येच थांबवावा लागला, कारण त्या गटात मृत्यू जास्त होत होते. त्यानंतर एक वर्षानं, २००९ मध्ये, क्वॉफनं आपलं लक्ष्य ७.५ वरून ७ वर आणलं. सहा आणि सात एकच नव्हेत, हे मान्य. तरी जुन्या, म्हाताऱ्या मधुमेहींना आणखी खाली रेटू नका असं जाणकार सांगत असतानाच रेष खाली गेली. २०११ मध्ये ती पुन्हा ७.५ वर आली. मधल्या दोन वर्षांत मैत्रिणीकडे एक आजी यायच्या. साखर ७.३, तब्येत ठणठणीत. रेषेच्या वर असल्यामुळे कोपऱ्यात चौकट उगवायची. औषध वाढवलं तर रात्री साखर उतरायची भीती, घाम, थरथर, जिन्यावर तोल जाणं. हिनं वाढवलं नाही. प्रॅक्टिस मॅनेजरनं यादीवर त्यांच्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढलं. हिनं वगळायचं कारण लिहिलं. एवढंच, काही नाट्य नाही. पण त्या आजींच्या जागी दुसरं कुणी असतं, आणि तिच्या जागी दमलेलं, नवखं किंवा कर्जात असलेलं कुणी असतं तर? पैशांमुळे डॉक्टर बिघडतात असं मी म्हणत नाही. पैसे त्यांच्या मानेला हलकासा झोक देतात. रोज चाळीस रुग्ण, आणि प्रत्येकाच्या वेळी तेवढाच हलका झोक.

२०१४ च्या ऑक्टोबरात मात्र झोक हलका राहिला नाही. डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, निदानं पुरेशी होत नाहीत म्हणून एनएचएस इंग्लंडनं प्रत्येक जादा निदानामागे प्रॅक्टिसला ५५ पौंड देऊ केले. माणसामागे ५५ पौंड, असं वर्तमानपत्रांत आलं आणि लोक खवळले. मार्च २०१५ ला ती योजना संपली. हेतू वाईट नव्हता, निदान न झाल्यामुळे कित्येक कुटुंबं मदतीवाचून राहतात हे खरंच आहे. पण विसरायला लागलेल्या नवऱ्याला घेऊन आलेल्या बाईच्या मनात एक क्षण जरी आलं की हे निदान याच्या मेंदूत आहे की डॉक्टरच्या हिशेबात, तर गेलेली गोष्ट ५५ पौंडांत परत येत नाही. रक्तदाबाच्या आकड्याबाबत मला असा संशय येत नाही. तो मी स्वतः मोजू शकते. ज्या निदानाला यंत्र नाही, जिथे डॉक्टरच्या शब्दावरच सगळं उभं आहे, तिथे त्या शब्दाला भाव लावू नये, एवढं माझं मत पक्कं झालंय. लस द्या आणि पैसे घ्या, डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढायला पाठवा आणि पैसे घ्या, माझी हरकत नाही.

आणि तरी माझी खरी तक्रार निकषांत जे आहे त्याबद्दल नाहीच, जे कधी नव्हतं त्याबद्दल आहे. आमच्या सर्जरीत मी गेल्या काही वर्षांत एकाच डॉक्टरला लागोपाठ भेटल्याचं आठवत नाही. प्रत्येक वेळी पहिली दोन मिनिटं माझी कहाणी सांगण्यात जातात. याचीही मुळं लक्ष्यांतच आहेत. २००० च्या सुमारास ठरलं की जीपी ४८ तासांच्या आत भेटलाच पाहिजे. मग प्रॅक्टिसेसनी काय केलं, तर पुढच्या आठवड्याच्या वेळा देणंच बंद केलं. सकाळी आठला फोन करा, मिळाली तर आजची मिळेल. २००५ च्या निवडणुकीआधी टीव्हीवरच्या कार्यक्रमात एका बाईंनी टोनी ब्लेअर यांना हे तोंडावर सांगितलं. पंतप्रधानांना ते माहीतच नव्हतं, चेहराच सांगत होता. ते लक्ष्य २०१० मध्ये गेलं, सकाळी आठचा फोन राहिला. लवकर कुणीतरी भेटतो, आपला भेटत नाही. नॉर्वेत लाखो लोकांच्या नोंदी तपासून असं दिसलं की १५ वर्षांहून अधिक काळ एकच जीपी असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण, त्याच्याकडे जेमतेम वर्ष झालेल्यांपेक्षा, सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतं. इस्पितळात भरती होणंही कमी. आता यात डॉक्टर नेमकं काय करतो, कुठली टिक करतो? बहुधा एवढंच की दारातून आत येणाऱ्याची चाल मागच्या महिन्यासारखी नाही हे त्याला दिसतं.

२०२५ मध्ये इंग्लंडनं क्वॉफमधले ३२ निकष एकदम काढून टाकले. मैत्रीण खूश असेल असं मला वाटलं, तर ती म्हणाली, पैसे दुसरीकडे वळवलेत, दुसऱ्या याद्या येतील. मी म्हटलं, मग एकाच डॉक्टरकडे जाता येण्यालाच पॉइंट लावा ना, ज्यानं माणसं जगतात त्याचेच पैसे द्या. “त्याचंही माप आहे,” ती म्हणाली. वर्षभरातल्या तुझ्या एकूण भेटींपैकी किती भेटी एकाच डॉक्टरशी झाल्या, तेवढं प्रमाण काढायचं. संगणक चुटकीसरशी काढतो. मग ती थांबली, आणि तिच्या आवाजात ते ओळखीचं, हिशेब जमल्याचं हसू आलं. “सोपं जाईल गं. एरवीही जे माझ्याकडेच येतात, त्यांना जास्त वेळा बोलवायचं. आणि जे कुणाकडेही जातात, त्यांना होता होईल तो बोलवायचंच नाही.”